दारापर्यंत गेल्याशिवाय

कस्तुराबाई ओव्हाळांचा एक नियम होता आणि तो कुठल्याही शासन निर्णयात छापलेला नव्हता. मूल प्रार्थनेला दिसलं नाही, तर त्याच्या दारापर्यंत जाऊन आल्याशिवाय त्याची गैरहजेरी लावायची नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षापासून त्यांनी हा नियम पाळला. वरिष्ठांनी टोमणे मारले. शाळेतले दुसरे शिक्षक हिंदुराव सर कपाळाला हात लावायचे. मोबाईलवरच्या हजेरीचं नवं खूळ निघाल्यापासून तर ‘वेळेत भरा, वेळेत भरा’ असे रोज निरोप येत. बाई म्हणायच्या, "हजेरी पोरांची आहे का मोबाईलची?" आणि पायात चपला सरकवून निघायच्या.

शाळा चाकणच्या पलीकडे, पडवळमळ्यात. नावात मळा आहे म्हणून फसू नका. जिथं कांदा निघायचा तिथं आता पत्र्याच्या खोल्या निघतात. जमिनी कंपन्यांना गेल्या, उरलेल्या तुकड्यांवर गावकऱ्यांनी खोल्यांच्या रांगा उभ्या केल्या, आणि परभणीपासून बिहारपर्यंतचा मुलूख तिथं भाड्यानं राहायला आला. गावकऱ्यांची मुलं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेला राहिली ती खोल्यांमधली. बाप तिसऱ्या शिफ्टहून येऊन मेल्यासारखा झोपलेला, आई पहिल्या शिफ्टला गेलेली, आणि आठ वर्षांची पोर धाकट्या भावाला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसलेली. बाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहायच्या. "चल गं. त्यालाही घे. खिचडी तोही खाईल."

बाईंचे वडील पिंपरीत एका कंपनीत कामगार होते. रात्रपाळी करून आले की झोपायच्या आधी ते लेकीचं बोट धरून तिला शाळेत सोडत. डोळे लाल, पाय ओढत, पण सोडत. एकदा वाटेत उभ्या उभ्या त्यांना डुलकी लागली आणि ते विजेच्या खांबाला टेकले, तेव्हा लहानगी कस्तुरा त्यांना हलवून म्हणाली होती, "बाबा, शाळा!" आपण शिकलो ते कुणीतरी दारातून शाळेपर्यंत आणलं म्हणून, हे बाईंच्या मनात पक्कं बसलं ते तेव्हापासून. खोल्यांमधली मुलं त्यांना परकी वाटलीच नाहीत.

आसपासच्या शाळांतल्या नव्या शिक्षिका कधीमधी विचारायच्या, "मॅडम, तुम्हाला कंटाळा कसा येत नाही हो?" बाई सांगायच्या, "सकाळी कुणीतरी माझी वाट बघत असतं. मग कंटाळा येईल कसा?" यात काही तत्त्वज्ञान नव्हतं. खरंच तसं होतं.

पण माणूस म्हणजे काही लोखंड नव्हे, आणि लोखंडसुद्धा झिजतं. शिकवणं हे बाईंच्या कामातलं सगळ्यात थोडं काम होऊन बसलं होतं. तांदूळ किती शिजला त्याचा फोटो, हात धुतल्याचा फोटो, झाड लावल्याचा फोटो. मतदारयाद्या, सर्वेक्षणं, एकच माहिती तीन ठिकाणी. घरचं झालं थोडं, त्यात व्याह्यानं धाडलं घोडं. थेरगावहून निघायचं, नाशिक फाट्याला अडकायचं, मोशीला अडकायचं, चाकणच्या चौकात कंटेनरच्या चाकाशेजारी स्कूटर धरून धूर खायचा, आणि संध्याकाळी हेच सगळं उलटं. घरी येऊन पुन्हा मोबाईल हातात. नवरा शिफ्टला गेलेला. ताथवड्याला इंजिनिअरिंग करणारी लेक दिव्या एकदा ताट वाढताना म्हणाली, "आई, तू घरी येतेस, पण येतच नाहीस." बाईंना ते लागलं. अलीकडे त्यांचं डोकं दुपारपासून ठणकायचं, मुलांची नावं ओठावर येऊन अडकायची, आणि एकदा तर फळ्यासमोर खडू घेऊन उभ्या असताना आपण काय लिहायला आलो हेच त्यांना आठवेना.

अशा दिवसांतही एक गोष्ट त्यांनी सोडली नव्हती. सृष्टीचं कुलूप.

सृष्टी दुसरीतली. तिची आई पुनम जिंतूरकडची, एका कंपनीत वायरिंग जोडायच्या कामावर, पहिली शिफ्ट. बाप ट्रेलरवर ड्रायव्हर, आठ-आठ दिवस बाहेर. कंपनीची बस पहाटे यायची आणि शाळा साडेदहाला भरायची. मधल्या वेळात पोरीला ठेवायचं कुठं? खोलीसमोरच ट्रेलर वळायचे. एकदा सृष्टी कुत्र्याच्या पिल्लामागे धावली आणि ट्रेलरवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून वाचली. त्या दिवसापासून पुनम कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप घालू लागली. आपल्यासारख्यांना हे ऐकूनच कसंतरी होतं, पण त्या रांगेत अशी तीन-चार दारं होती. खोल्यांची मालकीण सरुबाई चावी घ्यायला तयार नव्हती. "आमी कुणाची चावी ठिवत न्हाई. मागं एकीचं पैंजण गेलं आन् बोट आमच्याकडं. नकोच ती भानगड," म्हणाली.

मग पुनम शाळेत आली आणि दुसरी चावी तिनं बाईंच्या टेबलावर ठेवली. "बाई, एवढी चावी ठेवा तुमच्यापाशी. तुम्ही न्यायला येताच की. तुमच्याकडं चावी असली म्हणजे मला कामावर लेकराचा घोर नाही."

बाई रोज शाळेत स्कूटर लावली की आधी तिकडे जायच्या. कुलूप काढायच्या आधीच आतून आवाज यायचा, "बाई, मी तयार आहे!" दार उघडलं की पोरगी युनिफॉर्म घालून, दप्तर पाठीला अडकवून, केसांना पाणी लावून हसत उभी. त्या हसण्यानं बाईंचा अर्धा शीण उतरायचा. मग तिचा हात धरून पुढच्या खोल्या, पुढची दारं. बाईंना रजा असली की आदल्या दिवशी चावी हिंदुराव सरांकडे जायची आणि पुनमला फोन. दीड वर्ष यात चूक झाली नव्हती.

फेब्रुवारीच्या शेवटी एका संध्याकाळी मोबाईलवर आदेश आला. उद्यापासून दोन दिवस, निगडी प्राधिकरणातल्या एका सभागृहात, सकाळी नऊला, प्रत्येक शाळेतून एका शिक्षकानं हजर राहायचंच. गैरहजर राहिल्यास खुलासा घेतला जाईल. विषय होता ‘आनंदी शिक्षक, तणावमुक्त शिक्षक’. ताण कुणी दिला हे विचारायचं नाही, तो घालवायचं प्रशिक्षण मात्र सक्तीचं! रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

आदेश वाचताना बाई कुठल्यातरी सर्वेक्षणाची माहिती भरत होत्या. ती भरून होईपर्यंत भाजी गार झाली. दोन घास खाल्ले आणि तिथंच टेबलावर डोकं टेकलं, ते दिव्यानं उठवून अंथरुणात नेलं. चावी पर्समध्ये होती. पुनमला फोन करायचा राहिला. सरांना सांगायचं राहिलं. सकाळी उठून बाई नेहमीच्या चाकणच्या वाटेऐवजी निगडीच्या वाटेला लागल्या, आणि त्या वाटेवर सृष्टीचं दार नव्हतं.

सभागृहाच्या दारात टोपली ठेवली होती. सगळ्यांचे मोबाईल त्यात. मार्गदर्शक तरुण होता, गोड बोलणारा, आणि खरं सांगायचं तर मनानं चांगला होता. त्याला दोष देऊन उपयोग नाही. दुपारी त्यानं दिवे मंद केले, बासरी लावली आणि म्हणाला, "किती वर्षं तुम्ही सगळ्यांसाठी जगलात. आज एक दिवस स्वतःला द्या. डोळे मिटा. शाळा विसरा. मुलं विसरा. काही होत नाही."

बाईंनी डोळे मिटले. वर्षानुवर्षं कुणी त्यांना ‘तू दमली आहेस’ असं म्हटलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं, खांदे सैल पडले, आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना झोप लागली. इतकी गाढ, इतकी स्वच्छ झोप त्यांना कित्येक दिवसांत लागली नव्हती. त्या शाळा विसरल्या. सांगितलं तसंच केलं बिचारीनं.

तिकडे सृष्टी तयार होऊन उभी होती.

साडेदहा वाजले, शाळेची घंटा लांबून ऐकू आली, प्रार्थनाही ऐकू आली असेल. पोरगी दिसली नाही तेव्हा सरांना वाटलं, बाई प्रशिक्षणाला गेल्यात, त्यांनी तिच्या घरी आधीच सांगितलं असेल. सरुबाई राजगुरुनगरला साखरपुड्याला गेलेली. पत्रा तापत गेला. संडास बाहेर, रांगेच्या टोकाला. पोरीनं किती वेळ धरून ठेवलं कुणास ठाऊक. शेवटी व्हायचं ते झालं. बाई आल्या तर काय म्हणतील, म्हणून तिनं प्यायच्या कळशीतलं सगळं पाणी ओतून फरशी धुतली, फडक्यानं पुसली आणि पुन्हा दप्तर अडकवून उभी राहिली. मग प्यायला पाणी उरलं नाही.

शेजारच्या खोलीतला ऋतिक तिसऱ्या शिफ्टचा. तो दुपारी उठला तेव्हा त्याला मुसमुसणं ऐकू आलं. तो हातोडी घेऊन आला. भला पोरगा होता. "सरक मागं, कुलूप तोडतो," म्हणाला. आतून सृष्टी ओरडली, "दादा, नका तोडू! आई रागावंल. बाई येणार हायत."

ऋतिकनं बाईंना रोज त्या दारात बघितलं होतं. बाई येणार म्हटल्यावर त्यालाही शंका आली नाही. तो हातोडी ठेवून जेवायला गेला. बाईंचं नाव त्या वस्तीत इतकं चांगलं होतं, म्हणून पोरगी कोंडलेली राहिली.

साडेचारला पुनम कंपनीच्या बसमधून उतरली. दाराला कुलूप बघून तिला वाटलं, पोरगी अजून शाळेत असेल. आपल्या चावीनं तिनं दार उघडलं. सृष्टी भिंतीला टेकून बसली होती, दप्तर पाठीवरच, ओठ सुकलेले, अंग चटका बसावा इतकं तापलेलं. आईला बघून ती रडली नाही. तिनं विचारलं, "आई, बाईंना काय झालं? त्या आजारी हायत का?"

निगडीत बाईंनी टोपलीतून मोबाईल उचलला तो हसतमुखानं. शेजारच्या शिक्षिकेला म्हणाल्या, "किती हलकं वाटतंय गं!" मोबाईल पर्समध्ये टाकायला गेल्या आणि बोटाला चावी लागली. मोबाईलवर पुनमचे न घेतलेले फोन होते, पण ते बघायची गरजच उरली नव्हती.

शिफ्ट सुटायची वेळ. तळवड्याच्या रस्त्याला बस, ट्रेलर, टेम्पो, मुंगी शिरायला जागा नाही. बाई स्कूटरवर बसून रडत होत्या आणि मागचे हॉर्न वाजवत होते. खोल्यांच्या रांगेशी पोचल्या तेव्हा दिवस मावळत होता. डॉक्टरांकडून जाऊन आलेली पुनम उंबऱ्यात बसली होती, सृष्टी मांडीवर झोपलेली. बाईंना वाटलं, ही आता शिव्या देईल, झिंज्या उपटेल. उपटाव्यात, असंच त्यांना वाटत होतं.

पुनम म्हणाली, "बाई, बसा. पाणी घ्या."

बाईंच्या हातात तिनं तांब्या दिला. बाईंना तो ओठाला लावता येईना.

"पुनम, मी... माझ्या ध्यानातून गेलं गं. मला माफ कर."

"तुमची चूक नाही, बाई. तुम्हाला काय एक आहे का? मीच माझ्या लेकराचं ओझं तुमच्यावर टाकलं. ते काही बरोबर नव्हतं." पुनमचा आवाज चढला नाही. "दार लावलं की ओरडायलीय ती. आता डॉक्टरकडून आलो, दार लावलं, तर किंचाळली. उद्या तिला गावाकडं सोडते, माझ्या मायपाशी."

"अगं, वर्ष संपत आलंय. वाचायला लागली आहे ती, सगळ्यांच्या पुढं आहे. मी रोज माझ्याबरोबर नेते. माझ्या घरी ठेवते थेरगावला. मी येते ना..."

‘मी येते’ म्हटल्यावर पुनमनं लेकीला आणखी जवळ ओढलं. तेवढ्यात सृष्टीनं डोळे उघडले. बाईंकडे बघितलं, ओळखलं, आणि पुसटसं हसली. "बाई, मी तयार होते," म्हणाली, आणि पुन्हा झोपली. जिंतूरच्या गाडीत बसण्याआधी ती बाईंशी बोलली ते एवढंच.

साखरपुड्याहून परतलेल्या सरुबाईनं बाईंना गेटपर्यंत सोडलं. "रडू नगा बाई. पोरगी जित्ती हाय, आनखी काय पायजे? तुमच्यावानी बाई न्हाई मिळायची या पोरास्नी. आमाला ठावं हाय." ती बिचारी समजूत घालत होती आणि बाईंना ते शब्द शिव्यांपेक्षा जड जात होते.

दुसऱ्या दिवशी बाई प्रशिक्षणाला गेल्या नाहीत. आठवड्यात खुलासा मागवणारा निरोप आला, तणावमुक्तीच्या प्रशिक्षणाला विनापरवानगी गैरहजर का राहिलात? हिंदुराव सर म्हणाले, "आजारी होते म्हणून लिहा, मॅडम." बाईंनी तसं लिहिलं. खोटंही नव्हतं ते. सर पुढे म्हणाले, "होतं असं. मनाला किती लावून घ्यायचं?" बाईंनी मान हलवली. मनाला लावून घेणं ही काय करायची गोष्ट आहे, की करायचं नाही म्हटलं की थांबेल?

सकाळच्या फेऱ्या चालूच राहिल्या. पाय जात होते म्हणून बाई जात होत्या. मुलं दारात दिसायची, हसायची. आधी त्यांना वाटायचं, कुणीतरी वाट बघतंय. तेच आता वाटायचं, पण भीती म्हणून.

पाडव्यानंतर पुनमच्या खोलीत नवं बिऱ्हाड आलं. अपेक्षा नावाची बुलढाण्याची बाई, नवरा आणि पहिलीतली मुलगी मिनल. मुलीचं नाव शाळेत घातलेलं, दोन-चार दिवस अपेक्षानंच तिला आणून सोडलेलं. शाळा अजून साडेदहाचीच होती. एका सकाळी बाई रांगेतून चालल्या असताना अपेक्षा लगबगीनं बाहेर आली. तिच्या हातात नवीकोरी चावी होती.

"मॅडम, उद्यापासून मी बी कामावर चालले, पहिल्या शिफ्टला. सरुबाई म्हणल्या, चावी तुमच्याकडं दिली की मग काळजी नाही. म्हणल्या, बाईंसारखी बाई नाही." आणि तिनं हात पुढे केला.

बाईंनी चावीकडे बघितलं. आईच्या मागून मिनल बघत होती, तोंडात बोट घालून.

बाईंचा हात वर आला नाही. त्यांनी उचलायचा प्रयत्न केला नाही असं नाही.

"माझ्याकडं नको," त्या म्हणाल्या.

"का हो मॅडम? तुम्ही तर सगळ्यांना नेता."

"माझ्या हातून राहून जातं गं. वाट बघायला लावून न येण्यापेक्षा, येणारच नाही हे सांगितलेलं बरं. तू दुसऱ्या कुणाला तरी बघ."

अपेक्षा चावी मुठीत धरून उभी राहिली. दुसरं कुणी नव्हतं, हे बाईंइतकं कुणाला ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी बाई खोल्यांकडे वळल्याच नाहीत. मोठ्या रस्त्यानं सरळ शाळेत आल्या, वेळेच्या आधी. प्रार्थना झाली. त्यांनी मोबाईल काढला आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. हिंदुराव सर व्हरांड्यात थांबून बघत राहिले. नावं पुकारली जात होती, मुलं ‘हजर, बाई’ म्हणत होती. मिनलचं नाव आलं तेव्हा कुणी बोललं नाही.

मग मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "बाई, ती खोलीत हाय. दाराला कुलूप हाय."

सरांची नजर बाईंच्या चपलांकडे गेली. बाई जागेवरून हलल्या नाहीत. थोडा वेळ त्यांनी मोबाईलकडे बघितलं, गैरहजर लावलं आणि पुढचं नाव पुकारलं.